दुसरी भाषा शिकवताना टेक्नॉलॉजी कशी वापरायची: फोनोग्राफपासून चॅटबॉटपर्यंत काय कामाला आलं

दुसरी भाषा शिकवणारे दोघं भेटले की पाच मिनिटांत विषय निघतोच, "तुम्ही कुठलं ॲप वापरता?" मला मनापासून वाटतं की हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की शिकणाऱ्याचं नेमकं अडलंय कुठे? ऐकून कळत नाहीये, की कळतंय पण तोंडातून शब्द फुटत नाही, की काल शिकलेलं आज डोक्यातून गेलेलं असतं, की सगळं येतंय पण बोलायला समोर माणूसच नाही? या चार वेगळ्या अडचणी आहेत. आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत भाषेच्या वर्गात जी जी यंत्रं आली ती बघितली तर प्रत्येक यंत्र यातल्या एखाद-दुसऱ्या अडचणीवर खरंच उपयोगी पडलं, बाकीच्या ठिकाणी लोकांनी त्याच्यावर उगाच भिस्त ठेवली. हे एकदा लक्षात आलं ना, की आजचा मोबाईल, त्यातली ॲप्स, चॅटबॉट, सगळं कधी काढायचं आणि कधी बाजूला ठेवायचं ते बरंच सोपं होतं. म्हणून काय आलं, त्यातून काय कळलं आणि ते आज वर्गात कसं करायचं असं एकत्रच सांगते.

आधी ऐकणं

1658 साली कोमेनियस या शिक्षकाने लॅटिन शिकवायला चित्रांचं पुस्तक काढलं, चित्रातल्या वस्तूंना नंबर आणि बाजूला लॅटिन नि जर्मन मजकूर. हीसुद्धा तेव्हाची टेक्नॉलॉजीच. पण पुस्तकाला आवाज नव्हता. तो आला 1877 मध्ये एडिसनच्या फोनोग्राफमुळे, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवणाऱ्या यंत्रामुळे, आणि मग 1901 मध्ये लंडनला लिंग्वाफोन सुरू झालं, पुस्तक आणि सोबत रेकॉर्डिंग, घरी बसून शिका.

यातून हाताला लागलेली गोष्ट दिसायला साधी आहे. एकच वाक्य, त्याच आवाजात, त्याच वेगात, हवं तितक्या वेळा ऐकता येणं. शिक्षकाला हे जमत नाही हो, आपण वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा नकळत सावकाश म्हणतो, शब्द सुटे सुटे करतो, हातवारे करतो, आणि विद्यार्थ्याला कळतं खरं पण ते आपलंच बोलणं कळतं, बाहेर भेटणाऱ्या माणसाचं नाही.

मग करायचं काय, तर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या, त्याहून मोठं नको. दोन माणसं बोलतायत असं असेल तर उत्तम. पहिल्यांदा ऐकवताना एवढंच विचारा की कोण कुणाशी आणि कशाबद्दल बोलतंय. दुसऱ्यांदा ऐकताना जे शब्द कानावर पडले ते कागदावर टिपू द्या, पूर्ण वाक्यं नकोत. मग दोघा-दोघांनी बसून त्या तुटक शब्दांवरून मूळ मजकूर त्याच भाषेत पण आपल्या शब्दांत परत उभा करायचा, आणि शेवटी खरा मजकूर समोर ठेवून स्वतःच्या मजकुराशी ताडून बघायचं. याला डिक्टोग्लॉस म्हणतात. खरं शिकणं त्या शेवटच्या ताडून बघण्यात होतं म्हणून निम्मा वेळ तिथेच द्या, घाईत उरकू नका. समजा मराठी शिकणाऱ्या कुणी लिहिलं "मला जायला हवं" आणि मूळ वाक्य निघालं "मला जायला हवं होतं". एक "होतं" कानातून निसटलं आणि जायचं बाकी आहे की जायचं राहून गेलंय हेच उलटं झालं. हे शिक्षकाने दहा वेळा फळ्यावर लिहून सांगण्यापेक्षा त्याने स्वतःच्या कागदावर बघितलं की पक्कं बसतं, परत ऐकवलं की तो ते "होतं" शोधूनच ऐकतो.

आणखी एक, प्लेअरमध्ये वेग कमी करायची सोय असते तिचा मोह टाळा. त्यात आवाज नुसता ताणला जातो आणि जोडून बोलण्याची सवय कानाला लागतच नाही. त्यापेक्षा वेग तोच ठेवा आणि वाक्यानंतर पॉज करा, विचार करायला वेळ तिथे मिळू दे. आणि फाईल त्यांना देऊन टाका! 1963 मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली, 1979 मध्ये वॉकमन आला, तेव्हा खरा फरक हा पडला की रिवाइंडचं बटण शिक्षकाच्या हातून शिकणाऱ्याच्या हातात गेलं. कुणाला तीन वेळा ऐकायचंय, कुणाला तेरा वेळा, वर्गात सगळ्यांना एकच माप लावलं की निम्मे कंटाळतात आणि निम्मे मागे पडतात.

रेडिओ नि टीव्हीबद्दल थोडक्यात. बीबीसीने 1943 मध्ये रेडिओवरून इंग्रजीचे धडे सुरू केले, ते लांब लांब पोचले, पण रेडिओ आपलं उत्तर ऐकत नाही. आजचे व्हिडिओही तसेच एकतर्फी, तेव्हा व्हिडिओ लावायचाच असेल तर आधी दोन-तीन प्रश्न द्या आणि मधे थांबवून "आता ही काय म्हणेल?" असं बोलायला लावा, नाहीतर सगळे छान बघत बसतात आणि तास संपतो.

बोलायला लावणं, आणि लॅबचं काय झालं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथे पैसा भरपूर खर्च झाला आणि शिकण्यासारखंही भरपूर आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या सुमारास अमेरिकी सैन्याला पटापट परकीय भाषा बोलणारे लोक हवे होते, म्हणून सैनिकांचे छोटे गट, ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस समोर, आणि तासन् तास सराव, असे वर्ग चालवले. त्याचा गवगवा झाला. पुढे 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिका हादरली, 1958 मध्ये शिक्षणासाठी नवा कायदा झाला आणि त्याच्या पैशातून शाळा-कॉलेजात लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या. लाकडी पार्टिशनचे कप्पे, प्रत्येकाला हेडफोन आणि माईक, पुढे शिक्षकाचं कन्सोल. टेपवर सराव चालायचा तो चार पायऱ्यांचा. मराठी शिकणाऱ्यासाठी तसा सराव केला तर तो असा दिसेल: टेप म्हणते "मी पुस्तक आणलं", मग "वही". थोडी मोकळी जागा. विद्यार्थी म्हणतो "मी वही आणली". टेप बरोबर उत्तर म्हणते, "मी वही आणली", विद्यार्थी ते परत म्हणतो. पुढचा शब्द, "चेंडू". "मी चेंडू आणला". असं अर्धा तास.

आता यात काय चुकतं बघा. टेपवर "गिंबळी" असा काहीही अर्थ नसलेला शब्द टाकला तरी विद्यार्थी न अडखळता "मी गिंबळी आणली" म्हणून मोकळा होईल. जीभ चालते, डोकं बंद. भाषा म्हणजे नुसत्या लागलेल्या सवयी नाहीत हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनरवर टीका करताना ठासून मांडलंच होतं, आणि 1960 च्या दशकाच्या शेवटी पेन्सिल्व्हेनियात शाळांमध्ये मोठी तुलना केली तेव्हा लॅब वापरणारे विद्यार्थी न वापरणाऱ्यांपेक्षा काही विशेष पुढे दिसले नाहीत. सैन्याच्या वर्गात काम केलं होतं ते छोट्या गटाने, भरपूर तासांनी आणि समोरच्या माणसाने, आणि शाळांनी त्यातलं यंत्रात घालता येईल तेवढंच उचललं. शिवाय यंत्रं आली पण त्यांच्यासाठी चांगल्या टेप तयार करायला आणि शिक्षकांना तयार करायला त्या मानाने फार थोडं झालं. आज टॅबलेट खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे आधी वाचावं असं मला फार वाटतं.

पण म्हणून ड्रिल, म्हणजे असा घोटून घ्यायचा सराव, टाकून द्यायचं का? अजिबात नाही. "आणला-आणली-आणलं" तोंडात बसायला घोकंपट्टी लागतेच, फक्त ती पाच मिनिटं करा आणि मग उत्तर खरं असायलाच हवं अशी अट घाला. "काल तू घरी काय काय आणलंस?" आता त्याला आधी आठवावं लागतं, मग शब्द शोधावा लागतो, मग त्याचं लिंग, मग क्रियापद. तीच रचना, पण डोकं चालू.

आणि लॅबमधली एक चांगली गोष्ट आज मोबाईलवर फुकट मिळते ती म्हणजे स्वतःचा आवाज ऐकणं. असं करा, वीस-तीस सेकंदांचा नमुना द्या, विद्यार्थ्याने तो ऐकून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, मग नमुना आणि आपलं पाठोपाठ ऐकायचं, आणि पाठवण्याआधी स्वतःच एक फरक सांगायचा. "माझं वाक्य शेवटी खाली पडतंय, त्यांचं वर जातंय" एवढंही चालेल. तुम्ही उत्तर देताना एकाच गोष्टीवर बोला, व्हॉइस मेसेजनेच द्या, आणि तो शब्द नीट म्हणून दाखवा. सात चुकांची यादी पाठवलीत तर पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच येणार नाही.

लक्षात राहणं

विसरण्याचा वेग मोजायचं काम मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच केलं होतं, स्वतःवरच प्रयोग करून. 1967 मध्ये पिम्स्लरने भाषेच्या शब्दांसाठी वेळापत्रक मांडलं, 5 सेकंदांनी परत विचारा, मग 25 सेकंदांनी, 2 मिनिटांनी, 10 मिनिटांनी, 1 तासाने, 5 तासांनी, 1 दिवसाने, 5 दिवसांनी, असं वाढवत वाढवत 2 वर्षांपर्यंत. 1972 मध्ये लाइटनरने कप्प्यांचा खोका सुचवला, त्यात एका बाजूला प्रश्न नि मागे उत्तर असलेली कार्डं, कार्ड आठवलं तर पुढच्या कप्प्यात आणि विसरलं तर परत पहिल्या कप्प्यात. 1987 मध्ये सुपरमेमो या प्रोग्रामने हेच कॉम्प्युटरवर आणलं आणि 2006 मध्ये अंकी हे कार्डांचं ॲप आलं जे आज बरेच लोक वापरतात. म्हणजे कल्पना जुनी, यंत्राने फक्त कधी काय विचारायचं याचा हिशेब आपल्या डोक्यावरून उतरवला. माझ्या मते कॉम्प्युटरने भाषा शिकणाऱ्याला दिलेली ही सगळ्यात भरवशाची मदत आहे.

फक्त कार्डं नीट बनवा. हजारो शब्दांचे तयार संच डाउनलोड करू नका, वर्गात किंवा ऐकण्यात भेटलेला शब्दच कार्डावर जाऊ द्या. सुटा शब्द आणि त्याचा अर्थ असं कार्ड बनवलं की तो शब्द कार्डावरच ओळखीचा राहतो, बोलताना येत नाही. म्हणून पूर्ण वाक्य घ्या, त्यात एक जागा रिकामी, मागे उत्तर आणि जमलं तर वाक्याचा आवाज. न समजलेलं वाक्य कार्डावर टाकायचं नाही, आधी समजून घ्यायचं. दिवसाला नवीन आठ-दहा पुरेत, कारण आज टाकलेलं प्रत्येक कार्ड पुढे परत परत येणार असतं, जो उत्साहात पन्नास टाकतो त्याच्यापुढे दोन आठवड्यांत ढीग साचतो आणि तो ॲप उघडणंच बंद करतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी खरोखर खोका आणि पुठ्ठ्याची कार्डं करावीत, काम तसंच होतं.

याच्याच शेजारी ती दुसरी परंपरा, प्रश्न-उत्तर-बरोबर-चूक. इलिनॉय विद्यापीठात 1960 मध्ये प्लेटो नावाची कॉम्प्युटर सिस्टीम सुरू झाली, पुढे तिच्यावर भाषांचे धडेही चालले, प्रत्येकाला आपल्या वेगाने आणि लगेच उत्तर. 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं ड्युओलिंगो आणि तशी बाकीची ॲप्स त्याच घराण्यातली. सुरुवातीच्या शब्दांसाठी आणि रोज हात लावायची सवय लागायला ती छान आहेत. अडचण इतकीच की समोर दिसणारे शब्द योग्य क्रमाने टॅप करणं म्हणजे ओळखणं, आणि बोलताना लागतं ते आठवणं, समोर काही न दिसता. म्हणून विद्यार्थ्यांना सांगा, प्रश्न वाचला की खालचे पर्याय हाताने झाका, वाक्य मोठ्याने म्हणा, मग हात काढा. वेळ जास्त लागतो, पॉइंट कमी मिळतात, मिळू देत. आणि हे सगळं घरी, वर्गाचा वेळ यात घालवायचा नाही. वर्गात माणसं आहेत ना समोर.

समोर माणूस

1990 च्या दशकात ईमेल पसरली आणि टँडेम जोड्या जुळायला लागल्या, मी तुला माझी भाषा, तू मला तुझी. 2003 मध्ये स्काईप आलं, मग व्हिडिओ कॉल सगळ्यांच्या खिशात आले. ज्याला आसपास ती भाषा बोलणारं कुणीच नाही त्याच्यासाठी याहून मोठी गोष्ट नाही.

पण नुसतं "कॉल करा आणि बोला" म्हटलं की दोन्हीकडचे हसतात, नाव-गाव विचारतात आणि चौथ्या मिनिटाला गप्प होतात. बोलायला कारण द्यावं लागतं. एकाच चित्राच्या दोन प्रती घ्या ज्यात आठ फरक आहेत, एक प्रत इकडे एक तिकडे, एकमेकांना न दाखवता फरक शोधायचे. किंवा एकाकडे प्रवासाचं वेळापत्रक, दुसऱ्याकडे बजेट, आणि दोघांनी मिळून बेत ठरवायचा. माहिती अर्धी अर्धी वाटलेली असली की विचारल्याशिवाय गत्यंतरच नसतं, आणि "परत सांग ना", "म्हणजे कसं?" ही वाक्यं, जी पुस्तकात शिकून कधी तोंडात येत नाहीत, ती आपोआप यायला लागतात. वेळ निम्मा निम्मा वाटा, घड्याळ लावून, नाहीतर ज्या भाषेत दोघांचंही बरं चालतं तिकडेच गाडी घसरते. कॉल संपल्यावर पाच मिनिटं राखून ठेवा, मला काय म्हणायचं होतं पण म्हणता आलं नाही ते लिहायला, पुढचा तास त्या यादीवरच घ्या. जे लाजतात त्यांना आधी टाइप करून गप्पा मारू द्या, विचार करायला सेकंदभर जास्त मिळाला तर अगदी गप्प बसणारेही खुलतात. मुलं लहान असतील तर पालकांची परवानगी आणि शिक्षक हजर, यात तडजोड नको.

आता भाषांतर, बोलून टाइप करणं आणि चॅटबॉट

2016 मध्ये गूगलचं भाषांतर न्यूरल पद्धतीवर, म्हणजे ढीगभर मजकुरातून स्वतः शिकणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि एकदम सुधारलं, नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून गृहपाठ कुणी केला हा प्रश्न सगळ्यांनाच छळतोय. बंदी घालून उपयोग होत नाही असं माझं ठाम मत आहे, क्रम बदला. आधी वर्गात हाताने आठ ओळी लिहायच्या, मग तोच आशय मशीनकडून भाषांतर करून घ्यायचा, मग दोन्ही शेजारी ठेवून तीन ठिकाणं निवडायची: एक जिथे मशीनचं चांगलं आहे आणि मी ते घेणार, एक जिथे माझंच बरं आहे, आणि एक जिथे मशीनने माझ्या मनातलं बदलून टाकलंय. मार्क या तीन ठिकाणांच्या कारणांना द्या, स्वच्छ मजकुराला नको.

बोलून टाइप करण्याचा उच्चारासाठी उपयोग होतो पण जपून. हे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. मराठी शिकणारा "गळ्यात माल घातली" म्हणाला तरी स्क्रीनवर "माळ" उमटू शकतं आणि त्याला वाटतं आपला ळ जमला. म्हणून असे जवळजवळचे शब्द सुटे सुटे बोलून बघा, माळ, माल, बाळ, बाल, आणि उलटसुलट क्रमाने, तरीही शेवटचा निकाल माणसाच्या कानाचा. उच्चाराला टक्के देणाऱ्या ॲपचे टक्के फार मनावर घेऊ देऊ नका, एक आकडा नेमकं काय बदलायचं ते सांगत नाही.

चॅटबॉट मात्र तोंड उघडण्याच्या भीतीवर फार चांगला आहे, तो थकत नाही, हसत नाही, रात्री अकरालाही हजर. पण त्याला मोकळं सोडलं तर लांबलचक उत्तरं देतो आणि विद्यार्थी वाचत बसतो. सूचना अशी द्या: "तू माझा नवीन शेजारी आहेस. सोप्या जर्मनमध्ये बोल, एका वेळी दोनच वाक्यं, आणि दर वेळी मला एक प्रश्न विचार. मधे मला सुधारू नकोस. मी थांब म्हटलं की माझ्या फक्त तीन चुका दाखव, उत्तर सांगू नकोस, आधी मलाच दुरुस्त करू दे." ही शेवटची अट अजिबात गाळू नका, कारण सुधारलेलं वाक्य आयतं मिळालं की डोळे त्याच्यावरून नुसते फिरतात. व्याकरणाचं स्पष्टीकरण तो आत्मविश्वासाने चुकीचंही देतो, आणि ज्या भाषेचा मजकूर इंटरनेटवर कमी आहे तिथे जास्तच, तेव्हा नियम तपासायला व्याकरणाचं पुस्तक किंवा शिक्षक. विद्यार्थ्यांची नावं, मार्क, खासगी गोष्टी त्यात टाकायच्या नाहीत.

नवीन काही घेण्याआधी

तीन गोष्टी विचारा. यात विद्यार्थी स्वतः काय बोलणार किंवा लिहिणार आहे, की नुसतं बघणार नि टॅप करणार आहे? हे याच्याशिवाय, कागदावर किंवा साध्या रेकॉर्डिंगवर होतं का? आणि नेट गेलं, फोन जुना निघाला तर मागे राहणाऱ्या मुलाचं काय? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर आधी ते शोधा, ऑडिओ फाईल आणि छापलेला कागद नेहमी हाताशी ठेवा.

आणि ते कामाला येतंय का हे बघायची सोपी पद्धत आहे. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, विषय ठरलेला, उदाहरणार्थ मागच्या सुट्टीत काय केलं, तयारीला वेळ न देता. आठ आठवड्यांनी तशाच विषयावर, तशाच पद्धतीने परत घ्या, आणि दोन्ही विद्यार्थ्याबरोबर बसून ऐका. कुठे कुठे थांबला, किती वेळा आपल्या भाषेकडे वळला, वाक्यं जोडतोय की एकेक शब्द टाकतोय. ज्या अडचणीसाठी ते साधन घेतलं होतं त्यातच फरक ऐकू यायला हवा. येत नसेल तर पुढच्या आठ आठवड्यांसाठी ते बंद ठेवून त्याच अडचणीवर वरचं दुसरं काहीतरी लावून बघा.